लाखेचा हात

उत्तर पेशवाईतील, किंवा तिच्यानंतरच्या पन्नास-पाऊणशे वर्षांतील, एखाद्या वाड्याचे स्वयंपाकघर पुण्यात वा वाईत आज जेथे शिल्लक असेल तेथे जाऊन पाहिले, तर स्वतंत्र उभे केलेले कपाट त्यात बहुधा आढळत नाही. कारण साठवणीची सारी व्यवस्था घराच्या अंगातच केलेली असे. भिंती हात-दीड हात रुंद, त्या रुंदीतच कोनाडे आणि देवळ्या सोडलेल्या, आणि त्यांपैकी ज्यांना सागाची चौकट, दोन-तीन फळ्या व कडी-कोयंड्याची दारे बसवीत ती फडताळे. धान्याची वर्षाची बेगमी कणग्यांत, लोणच्या-मुरंब्याच्या बरण्या फडताळात, दूध-दही शिंक्यावर आणि रोजची तपेली-पातेली फळीवर, अशी वाटणी असल्यामुळे फडताळाच्या वाट्याला येणारे काम बेताचेच होते. पण ते त्याने तीन-तीन पिढ्या अखंड करावे अशी घरातील सर्वांची अपेक्षा असे, आणि सागाचे लाकूड ती पुरी करी.

लाकूड त्या काळी मुबलक होते म्हणून लोक ते हवे तसे वापरीत असत, हा समज बरोबर नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१६ साली सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जे कलम आहे, त्यात रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि एखादे जीर्ण झाड तोडावयाचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असा स्पष्ट हुकूम आहे. ज्या राज्यात झाडाच्या मालकीविषयी इतका काटेकोर विचार होता तेथे घरातील फळीविषयीही तो असणे स्वाभाविक होते. गावचा सुतार बलुतेदार खरा. पण बलुत्यात मोडे ती शेतीच्या अवजारांची दुरुस्ती, घरकामाची मजुरी निराळी ठरवावी लागे. म्हणून दार निखळले तर बिजागरी बदलीत, फळी किडली तर तेवढीच फळी नवी घालीत, आणि वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे बोट फिरवून तेलपाणी करीत. चुलीच्या धुराने आणि या तेलाने मिळून लाकडावर जी काळी, घट्ट साय धरे, तिलाच त्या घरातील पॉलिश म्हणावयाचे.

कोकणात आणि गोमंतकात याच कामाला काजूच्या टरफलाचे तेल वापरीत. ते त्वचेला भाजणारे असले तरी वाळवीला दूर ठेवते, आणि होड्यांच्या तळांपासून घराच्या वाशांपर्यंत त्याचा उपयोग होत असे.

स्वतंत्र कपाट स्वयंपाकघरात आले ते इंग्रजी अमदानीत, आणि तेही वाकड्या वाटेने. छावण्यांतील व जिल्ह्याच्या ठिकाणच्या साहेबांच्या बंगल्यांत मांस माश्यांपासून सुरक्षित राहावे म्हणून चार पायांवर उभे, तिन्ही बाजूंना तारेची जाळी ठोकलेले एक हवेशीर कपाट असे. त्याला मीटसेफ म्हणत. ज्या घरांत मांसाचा विटाळ होता त्याच घरांनी हे कपाट पुढे दुधादह्यासाठी आपलेसे केले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडांत दुभत्याचे जाळीचे कपाट नाही असे स्वयंपाकघर क्वचितच असेल. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवीत. त्यामुळे मुंग्या राहत दूर, पण पायांची चार बोटे उंची कायम ओली राहून कुजे, आणि ती कापून खाली नवा तुकडा सांधणे हे सुताराचे ठरलेले काम होऊन बसे. ज्याला कधी दुरुस्ती लागली नाही त्या शिंक्याच्या जागी नित्य डागडुजी मागणारी वस्तू घरात आली. आणि तिच्याबरोबर, वर्षा-दोन वर्षांनी दारावर येऊन जुने कपाट नवे करून देणारा पॉलिशवालाही आला.

त्याच्या पिशवीतील मुख्य द्रव्य लाख. ती या देशाला परकी नाही. अथर्ववेदात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे, आणि वारणावताचे लाक्षागृह तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लक्षावधी सूक्ष्म कीटक वस्ती करतात, रस शोषतात, आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच निर्माण करतात. ते कवच म्हणजे लाख. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या आपल्या औषधीविषयक संवादांत गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने, ज्याच्याकडे मुंबई बेट काही काळ खंडाने होते, लाखेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तो कीटकाला पंखवाली मुंगी समजला, पण लाख ही झाडाचा चीक नसून एका जिवाची कृती आहे हे त्याने नेमके ओळखले. त्याच्यानंतर वीस वर्षांनी गोव्याच्या आर्चबिशपाच्या चाकरीत आलेला डच तरुण लिन्सखोतेन १५८३ पासून १५८८ पर्यंत तेथे राहिला, आणि १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात कातारी लोक फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला लागते आणि मग घासून तिला आरशासारखी चकाकी आणतात, याचे वर्णन आले आहे. पलंग आणि घरगुती सामान अशा रीतीने रंगविले जाई. त्याच सुमारास उत्तरेत अबुल फजल आईन-इ-अकबरीमध्ये इमारतीच्या सामानाचे भाव व प्रमाणे नमूद करताना चिकांच्या पडद्यांना लावावयाच्या लाखेचा हिशेब देतो: तांबडा रंग हवा तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळा हवा तर तितक्याच लाखेला एक शेर हरताळ. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचे लाखकाम याच परंपरेतील, आणि ते आजही चालू आहे.

परंतु ही सारी लाख उष्णतेने लावावयाची होती. ती कातकामाला चालते, कारण वस्तू फिरवता येते. चार फूट उंच कपाटाचे सपाट दार चरकावर चढवून फिरविता येत नाही. लाख स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या बोळ्याने, पातळ पातळ थरांनी लाकडावर चढविण्याची युक्ती पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली आणि तेथून इंग्लंडात गेली. आपल्या झाडांवरची लाख युरोपात जाऊन तेथील कारागिराच्या हाताने नवे रूप घेऊन परत आली, म्हणून आजही आपल्याकडे तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात. १८५५ साली इंग्लंडात पिण्यास अयोग्य केलेल्या, मिथिलमिश्रित स्पिरिटावरचा कर उठला, आणि श्रीमंतांच्या पियानोंपुरते मर्यादित असलेले पॉलिश साध्या टेबल-खुर्च्यांपर्यंत उतरले. मुंबईत त्या शतकाच्या मध्यास शिसवी, नक्षीदार सामानाचा जो प्रसिद्ध धंदा उभा राहिला त्याच्याबरोबर ही विद्याही येथे आली. बड्या दिवाणखान्यांतून ती चाळीतील जाळीच्या कपाटापर्यंत कधी पोहोचली त्याची तारीख सांगता येण्याजोगी नाही. एखादा कारागीर पेढीवरचे काम सुटल्यावर संध्याकाळी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जाऊन चार आण्यांचे काम करी, आणि विद्या अशाच रीतीने खाली झिरपते.

स्पिरिटात विरघळवावयाची ही लाख पातळ पापुद्र्यांच्या, म्हणजे चपड्याच्या, रूपात मिळे. चपडा तयार होई तो मिर्झापुरात, आणि पुढे छोटा नागपूर व मानभूम भागातील बलरामपूर, झालदा यांसारख्या गावांत. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या पळसबनांतही लाखेचे पीक निघे. फांद्यांवरून खरवडलेली कच्ची लाख कुटून, धुऊन तिचा दाणा करीत. हा दाणा वीस-पंचवीस हात लांबीच्या, मनगटाएवढ्या जाड कापडी नळीत भरून ती नळी कोळशाच्या भट्टीसमोर धरीत. एका टोकाला बसलेला कारीगर आच पाहून वितळलेली लाख कापडातून पिळून काढी, दुसऱ्या टोकाला बसलेला मनुष्य नळीला सतत पीळ देत राही. निथळलेली लाख गरम पाणी भरलेल्या चिनी मातीच्या नळकांड्यावर पसरीत. मग तो मऊ पापुद्रा भिलवाया म्हणविणारा तिसरा मनुष्य उचलून भट्टीपुढे धरी आणि दोन्ही हात, दोन्ही पाय व दात यांच्या साहाय्याने चहूबाजूंनी ताणून माणसाएवढा मोठा, पारदर्शक पडदा करी. थंड झाल्यावर तो कागदासारखा फोडला की चपडा तयार. आपल्या कपाटाच्या दारावरची चकाकी ज्या श्रमातून आली त्यांत एका माणसाचे दात होते, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा कित्येक दिवस माझ्या मनातून गेली नाही, आणि ती कोणाच्याही मनातून जाऊ नये असे मला वाटते.

या द्रव्याच्या मागे मोठा जागतिक व्यापार होता. लाखेपासून निघणारा तांबडा रंग एकेकाळी राळेपेक्षा मोलाचा. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि तो धंदा बसला. पण त्याच शतकाच्या अखेरीस ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या, आणि मागणी पुन्हा चढली. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संस्था निघाली ती याच मागणीच्या भरात. पॉलिशवाल्याला या उलाढालीशी कर्तव्य नव्हते; चपड्याचा भाव कमी-जास्त झाला की त्याला समजे, इतकेच.

आता त्याच्या कामाकडे वळू. तो येई तो बहुधा दसऱ्याच्या आधी किंवा घरात लग्न निघाले म्हणजे. पावसाळ्यात हे काम करीत नसत, कारण स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील ओल त्यावर धरते, आणि पॉलिश दुधासारखे पांढरे पडते. कपाट रिकामे करून गॅलरीत आणीत. प्रथम वर्षभराचा तेलकटपणा व काजळी काढावयाची. घरातील स्त्रिया डब्यांप्रमाणे कपाटही धुण्याच्या सोड्याने घासून ठेवीत, आणि पॉलिशवाला पाहताच कपाळाला हात लावी. कारण लाख क्षारात विरघळते, आणि सोड्याच्या पाण्याने मळाबरोबर जुना थरही निघून लाकूड उघडे पडे. ज्याला मुद्दाम सगळे उतरवून नव्याने काम करावयाचे त्याच्यासाठी मात्र हाच सोडा सर्वांत स्वस्त उपाय होता. भेगा आणि खिळ्यांची भोके खडूची पूड, पिवळी माती आणि सरस यांच्या लांबीने भरीत. साग निरनिराळ्या फळ्यांचा, कोठे फिकट कोठे काळसर. तो एकरंगी दिसावा म्हणून परमँगनेटचे पाणी पुशीत, ते लावताना जांभळे दिसे आणि सुकताना तपकिरी होई. मग काचकागदाने घासणे, आणि मग पॉलिशचे हात.

रात्रभर स्पिरिटात भिजवून विरघळलेला चपडा गाळून घ्यावयाचा. कापसाचा बोळा त्यात बुडवून, त्यावर जुन्या धोतराचा मऊ तुकडा गुंडाळावयाचा. तो चिकटू नये म्हणून जवसाच्या तेलाचा एक थेंब. आणि मग लाकडाच्या रेघेच्या दिशेने, वर्तुळांनी, पुन्हा रेघेच्या दिशेने, न थांबता हात फिरवावयाचा. बोळा क्षणभर एका जागी थांबला तर तेथे डाग पडतो. हात दिला की सुकू द्यावयाचे, आणि दुसरा द्यावयाचा. दिवाणखान्याच्या सामानाला वीस-पंचवीस हात देत, स्वयंपाकघराच्या कपाटाला तीन-चारांत भागवीत. यात फसवणूक नव्हती. लाखेला पाणी, वाफ आणि उष्णता सोसत नाही, गरम पातेले टेकले की पांढरे कडे उमटते, हे पॉलिशवाला आणि घरचे लोक या दोघांनाही ठाऊक असे. पुन्हा करावयाचेच आहे तर त्यावर जास्त खर्च करू नये असा हा उभयपक्षी मान्य व्यवहार होता.

हा व्यवहार स्वस्तात होई याचे खरे कारण मजुरीच्या दरात शोधू नये, ते द्रव्याच्या स्वभावात आहे. लाखेचा नवा हात जुन्या हातावर केवळ बसत नाही; नव्यातील स्पिरिट जुन्याला मऊ करते आणि दोन्ही थर एकजीव होतात. म्हणून पाच वर्षांपूर्वीचे पॉलिश खरवडून टाकण्याची गरज नसते. ओरखडा पडला तर त्या वीतभर जागेवरच हात दिला तरी चालते, जोड दिसत नाही. तीस वर्षांच्या कपाटावर त्या सगळ्या वर्षांचे पॉलिश एकाच थरात असते, आणि दर खेपेला खर्च येतो तो केवळ वरच्या पातळ वाढीचा. लाकडी सामान राखण्याची इतकी काटकसरीची दुसरी पद्धत मला माहीत नाही.

या धंद्यावर सर्वांत विचित्र आघात सरकारी दप्तरातून झाला. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला आणि त्यात विकृत स्पिरिटाबरोबर त्यापासून केलेल्या फ्रेंच पॉलिश व व्हार्निशचाही समावेश झाला. यामागचे कारण खोटे नव्हते. दारू मिळेना तेव्हा काही हतभागी माणसे पॉलिश गाळून पीत, आणि त्यातील मिथिलच्या विषाने डोळे वा प्राण गमावीत. परंतु त्याचा बोजा प्रामाणिक कारागिरावरही पडला. ज्याचे सारे भांडवल एक बाटली, एक बोळा आणि एक पिशवी, त्याला स्पिरिट बाळगण्यासाठी परवान्याची व हिशेबाची भाषा शिकावी लागली. अनेकांनी स्वतः पॉलिश करणे सोडून दुकानातील तयार डबा घेतला. आणि चपड्याची जात, रंग, मेण पाहून घेण्याची जी परीक्षा हाताला होती ती दुकानदाराकडे गेली.

त्याच वर्षांनी जुन्या कपाटांना मात्र दीर्घायुष्य दिले. ब्रह्मदेश १९३७ साली हिंदुस्थानापासून वेगळा झाला होता, १९४२ साली रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि मुंबईचा ब्रह्मी साग तुटला. राहिला तो दांडेली, डांग आणि आलापल्लीचा. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्याने भाडी गोठली, घरमालकांनी दुरुस्तीचा हात आखडता घेतला, आणि भिंतीतील कपाटे राखणे भाडेकरूवरच येऊन पडले. नवे घेणे परवडेना म्हणून जुने राखणे, हा त्या पिढीचा नित्यक्रम झाला. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. पुढेही वाडे पडत राहिले, त्यांच्या तुळया, चौकटी आणि फडताळांची दारे जुन्या बाजारात येत राहिली. मुंबईत चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवरही अशीच कपाटे येत. जुना साग पुरता वाळलेला असल्याने तो वाकत वा फाटत नाही, हे जाणणारे सुतार अशी दारे विकत घेऊन, रंधा मारून, नव्या कपाटांत बसवीत. मी स्वतः नव्या लाकडापेक्षा हे लाकूड अधिक मोलाचे मानतो, आणि ते जळणाच्या भावाने जाताना पाहून मला नेहमी दुःख होते.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. बसून करण्याचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, ओट्याखाली कपाटे आली, गॅस आल्याने काजळी गेली, प्लायवूडवर सनमायका चिकटवू लागले. तो ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ होतो, वाफेला भीत नाही, आणि गृहिणींनी त्याचे स्वागत केले यात त्यांची चूक नव्हती. सोड्याने घासू नका, पातेले टेकवू नका, ही बंधने त्यांनीच सोसली होती. मात्र सनमायक्याची कड एकदा सुटली आणि आत पाणी शिरले की दुरुस्ती उरत नाही, दार बदलावे लागते. लाकडावर लावण्याची मेलामाइन व पॉलियुरेथेनची नवी पॉलिशेही सुकल्यावर पुन्हा विरघळत नाहीत. त्यांवर ओरखडा गेला तर सगळे दार घासून काढावयाचे आणि आरंभापासून सुरुवात करावयाची. पॉलिशवाल्याच्या हाती आता फवाऱ्याचे यंत्र आहे, आणि बोळ्याने काम करणारे थोडे राहिले आहेत.

ज्यांच्या घरी आजीच्या काळचे कपाट अद्याप उभे आहे आणि ते थोडक्या पैशांत नीट करण्याची इच्छा आहे, त्यांनी प्रथम दाराच्या आतल्या बाजूस, बिजागरीजवळ, स्पिरिटाचा एक थेंब टाकून पाहावा. दोन मिनिटांत ती जागा चिकट झाली तर वर लाख आहे. मग खरवडण्याच्या भानगडीत न पडता सौम्य साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, पुरते वाळू द्यावे, स्पिरिटाने ओलसर केलेल्या फडक्याने जुना थर सारखा करावा आणि रंगाच्या दुकानात अजूनही मिळणाऱ्या चपड्याचे तीन हात द्यावेत. थेंबाचा परिणाम झाला नाही तर वर तैलरंग किंवा नवे पॉलिश आहे असे समजावे. आणि रंग फार जुना असेल तर तो कोरडा घासू नये, कारण त्यात शिशाचा सफेदा असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ मुलांना घातक आहे. मोरीजवळच्या दाराला लाख लावू नये, तेथे तेलाचे व्हार्निश बरे. नेहमीच्या चपड्यात मेण असते, त्यामुळे त्यावर पॉलियुरेथेन चढविल्यास ते धरत नाही. पायांच्या खालच्या चार बोटांची मात्र आधी तपासणी करावी, आणि लाकडात टोचणी सहज शिरली तर पॉलिशवाल्याच्या आधी सुताराला बोलवावे.